काचेबाहेरची खुर्ची

खुर्ची कुठे ठेवायची यावरच पहिली वीस मिनिटं गेली.

"तिथे ऊन लागेल तुला," धाकटा ऑफिसच्या दारातून ओरडला.

"लागू दे. तू आत जा, आणि मास्क नाकावर घे."

"आहे की नाकावर."

"शेंड्यावर आहे. नाकपुड्या बाहेर आहेत. श्वास शेंड्याने घेतोस का तू?"

धाकट्याने मास्क दोन बोटं वर ओढला आणि आत जाता जाता सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, "आली बाबा फूटपट्टी."

हे नाव तिला नवव्या वर्षी मिळालं होतं, केकचे तुकडे मोजून कापल्याबद्दल. आता ती एकेचाळीस वर्षांची होती, रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिची सतरा वर्षं गेली होती, आणि नाव बदलावं असं तिने मधल्या काळात काही केलं नव्हतं.

शुक्रवारी तिच्या शेजारच्या टेबलावरची सहकारी बाधित निघाली. फूटपट्टीचे दोन्ही डोस फेब्रुवारीतच झालेले, शनिवारची चाचणीही निगेटिव्ह आलेली. पण सोळा महिन्यांपूर्वी घरासाठी नियम तिनेच लिहिले होते. बाधिताच्या जवळ आलेल्याने सात दिवस कुणाच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. आज दुसरा दिवस होता. म्हणून ती कारखान्याच्या अंगणात बसणार होती आणि बाकीचे आत ऑफिसात. मध्ये सहा फूट रुंदीची जाड काच होती. माल भरताना गाड्यांवर नजर राहावी म्हणून बाबांनी ती भिंतीत कायमची बसवून घेतली होती. ती उघडत नसे आणि तिच्यातून आवाजही येत नसे. तिने फोन लावला, स्पीकर चालू करून मांडीवर ठेवला. आत थोरल्याने आपला फोन चहाच्या थर्मासला टेकवून उभा केला.

"ऐकू येतंय?" थोरल्याचा आवाज आला.

"येतंय. दादा, तूही मास्क नीट लाव. तुझ्या दुसऱ्या डोसला नऊच दिवस झालेत."

"अगं, चौदाला पाच तर कमी! पाच दिवसांत असा कोणता डोंगर कोसळणार आहे?"

"मग पाच दिवसांनी बैठक घे."

"मंगळवारच्या परिपत्रकात सगळं शिथिल केलंय. टीव्हीवर सांगितलं."

"परिपत्रकात लिहिलंय, बंद खोलीत मास्क काढायचा तर प्रत्येकाच्या दुसऱ्या डोसला चौदा दिवस झालेले हवेत. प्रत्येकाच्या. तू प्रत्येकात येतोस ना?"

आतून धाकट्याचं हसू ऐकू आलं. "म्हणजे ही बाहेर एकटी, तोंड उघडं टाकून. आणि आपण आत कोंडून, तोंडं बांधून. वा!"

फूटपट्टीने डोळे मिटून मनात पाचपर्यंत मोजलं. पहिल्या लाटेत याच माणसांनी ब्रेडची पिशवी साबणाने धुतली होती. कुणी घरी आलं की हे दाराआडून बोलायचे. भीती होती तोवर नियम होते. लस आली, भीती ओसरली आणि मास्क नाकावरून ओठावर, ओठावरून हनुवटीवर आला. कारखान्यात तर तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मार्चमध्ये ती अचानक गेली तेव्हा मिस्त्री आणि चार कामगार मास्क गळ्यात लटकवून यंत्रांच्या दोन टोकांना उभे होते आणि ओठ हलवत खुशाल गप्पा मारत होते. तिने त्याच दिवशी पाटी लावली होती: मास्क खाली दिसला तर दिवसभर घरी.

आज मात्र ती थोरल्याच्या बाजूने आली होती, आणि हेच तिला सकाळपासून टोचत होतं.

आईचं वय एकाहत्तर. खिळ्यांचा हा कारखाना बाबा गेल्यापासून, म्हणजे बावीस वर्षं, ती एकटी चालवत होती. तारेची भेंडोळी आत यायची, चार यंत्रं ती ठोकून तोडायची, खिळे पोत्यांत जायचे. आईच्या एप्रनच्या खिशात किल्ल्यांचा जुडगा असे. थोरला आज तो जुडगा मागणार होता. तसा कागद त्याने टाइप करून आणला होता. आईचं डोकं आता पूर्वीसारखं राहिलं नाही, असं त्याचं म्हणणं होतं, आणि फूटपट्टीच्या वहीतल्या नोंदी दुर्दैवाने त्याच्याच बाजूने बोलत होत्या. दीड वर्ष तिने तारखा घालून लिहिलं होतं. आई आज कशी होती, झोप किती झाली, गोळ्या घेतल्या का, हवा कशी होती. व्हिडिओ कॉलवर ठीक. प्रत्यक्ष भेटीत गोंधळलेली. पुन्हा कॉलवर ठीक. पुन्हा भेटीत गोंधळलेली. या सगळ्यातून तिला काही केल्या सूत्र सापडत नव्हतं.

*

वहिनीला नवऱ्याचा, म्हणजे थोरल्याचा, बैठकीतला आवाज आवडत नसे. तो शाळेत उपमुख्याध्यापक होता आणि वर्षभर पडद्यावर वर्ग घेतल्यामुळे आता समोरच्या माणसाशीही पडद्यातून बोलल्यासारखा बोलायचा.

"मुद्दा पहिला," थोरला म्हणाला. "आई, आपण आज का जमलोय, तुला कल्पना आहे ना?"

टेबलाच्या टोकाला बसलेल्या आईने त्याच्याकडे पाहिलं, मग थर्मासकडे. "हो."

"मग तुझं काय मत?"

"चालेल."

"काय चालेल?" धाकट्याने विचारलं.

आईने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. "चहा. ओत की. कशाला थांबलायस?"

थोरल्याने वहिनीकडे बघून भुवया उंचावल्या. मास्कमुळे त्याचं सगळं बोलणं आता भुवयांनीच चाले. बघ, असं त्या म्हणत होत्या.

वहिनीला बघायची गरज नव्हती. औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून तिने वर्षभर माणसांच्या सगळ्या तऱ्हा पाहिल्या होत्या. लस नको पण लस घेतल्याचा कागद हवा म्हणणारे, खोकत खोकत "ही ॲलर्जी आहे हो" म्हणणारे. त्यांच्यावर ती चिडायची आणि विसरायची. पण नोव्हेंबरमधली ती सकाळ तिला विसरता येत नव्हती. तिचे वडील दवाखान्यात वारले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सासूबाई दुकानात आल्या होत्या. वहिनीने मास्कच्या आतून, डोळे पुसत सांगितलं, आणि सासूबाई हसल्या. "बरं झालं गं, बरं झालं," म्हणाल्या आणि तिचा हात थोपटून निघून गेल्या. डोकं फिरलंय त्यांचं, असं नवरा म्हणाला तेव्हा तिला उलट बरंच वाटलं होतं. डोकं फिरलेलं परवडलं. शहाण्या माणसाने असं म्हटलं असतं तर तिला त्या घरात पुन्हा पाय ठेवता आला नसता.

"मुद्दा दुसरा," थोरला म्हणाला. "तीन इंची खिळ्यांची ऑर्डर होती. दोन इंची बनले. अकरा पोती."

"ते एकदाच झालं," धाकटा म्हणाला. खिळ्यांची व्हॅन तो चालवायचा आणि कारखान्याच्या माडीवर आईसोबत राहायचा. दिवसभर दहा दुकानांत फिरणाऱ्याने आईसमोर मास्क घालायचा आणि वेगळं जेवायचं, हाही फूटपट्टीचाच नियम होता. "आणि खरं सांगू? माझ्याशी ती नीट बोलते. अगदी पूर्वीसारखी. मला टोमणेसुद्धा मारते."

"तुझ्याशी काय बोलायचं असतं? जेवलास का, गाडी लावलीस का. त्याला डोकं लागतं का?"

"आणि मागच्या महिन्यात?" फोनमधून फूटपट्टीचा आवाज आला. "चालू यंत्रात तिचा हात जाणार होता. मिस्त्री मागून ओरडत होता, ही वळलीसुद्धा नाही. एप्रनला धरून ओढलं म्हणून वाचली."

"काय म्हणाली?" आईने विचारलं.

"काही नाही, आई," थोरला म्हणाला.

"काही नाही," धाकटाही म्हणाला.

*

काही नाही.

हे दोन शब्द आईला मास्कच्या आतूनसुद्धा ओळखू येत, कारण त्यांच्यासोबत नेहमी मान तशीच हलायची आणि नजर तशीच वळायची. दीड वर्षात तिला सर्वांत जास्त वेळा हेच सांगितलं गेलं होतं.

चाळीस वर्षं यंत्रांमध्ये काढलेल्या माणसाला आवाज नावाची गोष्ट फारशी लागत नाही. मिनिटाला दोनशे खिळे ठोकणारी चार यंत्रं एकदम चालू असली की तिथे ओरडून उपयोग नसे. नवी सून म्हणून ती पहिल्यांदा शेडमध्ये उतरली तेव्हा चाळीस फुटांवरून नवऱ्याने नुसते ओठ हलवून तिला विचारलं होतं, कंटाळलीस का? आणि तिला ते कळलं होतं. मिस्त्रीशी, कामगारांशी, गाडीवाल्यांशी ती तशीच बोलत आली. हळूहळू कान मागे पडले, डोळे पुढे झाले. हे कधी घडलं ते तिला सांगता आलं नसतं. मास्क येईपर्यंत आपण कानांनी ऐकत नाही, हे तिला स्वतःलाच माहीत नव्हतं.

पहिल्या आठवड्यात तिला वाटलं, कानांत मळ साचलाय. तीन दिवस तेल घातलं. चौथ्या दिवशी मिस्त्री समोर उभा राहून काहीतरी सांगत होता. नाकातोंडावर निळं कापड, वर दोन काळजीचे डोळे, आणि कानात फक्त पाण्याच्या टाकीत शिरल्यासारखी घुमघुम. तेव्हा तिला कळलं, आणि तिने ठरवलं की हे कुणाला कळता कामा नये. बहिऱ्या बाईला यंत्राजवळ कोण उभं करील? थोरला कागद काढील. मुलगी वही काढील. मिस्त्री तिला सांगायचं असलं की हळूच मास्क खाली घ्यायचा, पण मार्चपासून पाटी लागली आणि तेही बंद झालं. उरला धाकटा. तो कुठलाही नियम पाच मिनिटांपेक्षा जास्त पाळू शकत नसे. त्याचं तोंड दिवसातून दोनदा तरी दिसायचं.

आता समोर तीन मास्क होते. कापड आत-बाहेर होत होतं, म्हणजे कुणीतरी बोलत होतं. थोरल्याच्या हाताखाली कागद होता. ती कंटाळली आणि काचेकडे वळली.

उन्हात मुलगी बसली होती आणि तिचं तोंड उघडं होतं.

सोळा महिने ही पोर दर आठवड्याला दोन दोन मास्क घालून यायची, दारात उभी राहायची आणि डोळ्यांनी रागवायची. फोनच्या पडद्यावर ती टीचभर दिसायची तेवढीच. आज अख्खी दिसत होती. ओठांच्या कडेला दोन नव्या रेषा आल्या होत्या. हनुवटी तिच्या बाबांसारखी होत चालली होती. आईने आधी नुसतं पाहून घेतलं. मग ती वाचू लागली.

"...किल्ल्या दादाकडे दे असं मी म्हणत नाही. पण आईला यंत्रांपासून लांब ठेवायला हवं. डॉक्टरला दाखवायला हवं. उद्या हात गेला तर?"

म्हणजे हे होतं तर. कागद हा होता.

"का?" आई काचेकडे बघत म्हणाली. "माझ्या हाताला काय झालंय?" आणि तिने दोन्ही हात वर करून उलटेसुलटे दाखवले.

*

वहिनीने आधी सासूबाईंकडे पाहिलं, मग फोनकडे. फोनचा पडदा काळा होता.

"कॉल कट झालाय," ती हळूच म्हणाली.

"कधी?"

"आत्ताच. दोन-एक मिनिटं झाली असतील."

काचेबाहेर फूटपट्टी बोलतच होती. हातवारे करत, मान झटकत. तिच्या लक्षात आलं नव्हतं. तिचा आवाज आत येत नव्हता, टाचणी पडल्याइतकाही नाही. आणि सासूबाई तिला उत्तरं देत होत्या.

"गिऱ्हाइकाने तीन म्हटलं की दोन, मला काय माहीत? बोटं दाखव म्हटलं तर दाखवली नाहीत मेल्याने," त्या काचेला म्हणाल्या. तीन बोटं वर केली, एक मिटलं. थोडा वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, "झोप येते गं मला. झोपेचं काय काढलंस?"

"आई," धाकटा घाबरून म्हणाला, "कोणाशी बोलतेस?"

सासूबाईंनी मागे वळून पाहिलं नाही.

थोरल्याने टाइप केलेला कागद टेबलावर पुढे सरकवला आणि पेन त्याच्यावर ठेवलं. "बघितलंत ना आता? फोन बंद, आणि ही काचेशी बोलतेय. मी वर्षभर घसा फोडून सांगतोय. आणि तू म्हणतोस नीट बोलते."



*

फूटपट्टी बोलत होती आणि आई हात हलवून उत्तर देत होती, त्यामुळे मांडीवरचा फोन गप्प आहे हे तिला कळायला वेळ लागला. "गोळ्या तरी वेळेवर घेतेस का?" असं विचारून तिने खाली पाहिलं. कॉल दहा बावन्नला संपला होता. आता दहा पंचावन्न झाले होते.

तिने वर पाहिलं. आई बोट आणि अंगठा गोळी धरल्यासारखे जुळवून दोनदा दाखवत होती. दोन. सकाळ-संध्याकाळ दोन गोळ्या.

आवाज आत जात नसताना उत्तर आलं होतं. प्रयोगशाळेत असं काही निघालं की घाबरायचं नाही, एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायचं, एवढं तिला येत होतं. फोन तिने खिशात टाकला.

"सहा गुणिले सात?" तिने नेहमीच्या आवाजात विचारलं.

आईच्या कपाळावर आठी पडली. चार बोटं. मग दोन.

फूटपट्टीने तळहात तोंडावर धरला आणि तितक्याच मोठ्याने विचारलं, "आठ गुणिले चार?"

आई नुसती बघत राहिली. मान जरा पुढे आली, डोळे बारीक झाले. हीच मान, हेच डोळे फूटपट्टीने वहीत किमान तीस वेळा लिहिले होते: गोंधळलेली.

तिने हात काढला. या वेळी आवाज मुळीच न करता नुसते ओठ हलवले. "आठ गुणिले चार?"

तीन बोटं. दोन बोटं. आणि मग आईने आत बसलेल्या मुलांकडे वळून काहीतरी म्हटलं. ही वेड्यासारखी पाढे काय विचारतेय, अशाच अर्थाचं ते असणार, कारण धाकट्याचे खांदे हसून हलले.

फूटपट्टी खुर्चीत मागे टेकली. झोप लिहिली होती, गोळ्या लिहिल्या होत्या, हवेतला दमटपणासुद्धा लिहिला होता. समोरच्याचं तोंड झाकलेलं होतं की उघडं, हा रकानाच वहीत नव्हता. कॉलवर ठीक, भेटीत गोंधळलेली. अकरा पोती. मिस्त्री मागून ओरडला, म्हणजे त्याचं तोंड तिला दिसणं शक्यच नव्हतं, आणि पूर्वी कुणी मागून ओरडायची वेळच येत नसे, कारण समोरचा कामगार ओठ हलवून आधी सावध करायचा. त्या समोरच्या कामगाराला मास्कसाठी दम कुणी भरला होता? आणि अख्ख्या घरात आईला शहाणी म्हणणारा एकच माणूस होता, तो नियम न पाळणारा.

तिने पुन्हा फोन लावला. थोरल्याने उचलला.

"बरं झालं केलास. सगळं उघड झालंय, आई आता काचेशी..."

"दादा, खुर्च्या घेऊन सगळे बाहेर या."

"आता हे काय नवीन?"

"परिपत्रकाचं दुसरं पान. मोकळ्या जागेत दोन मीटर अंतरावर मास्क लागत नाही, डोस कितीही झालेले असोत. तुम्ही लोकांनी फक्त शिथिल एवढा शब्द वाचलात. बाहेर या. आणि त्या कागदावर सही घेऊ नकोस."

*

अंगणात तिने पावलं मोजून खुर्च्या लावायला लावल्या. स्वतःची दहा पावलं लांब, भिंतीशी. थोरला कुरकुरत होता, धाकटा प्रत्येक खुर्चीला "अजून एक सेंटीमीटर" म्हणत होता.

"आता मास्क काढा," ती म्हणाली. "आणि बोलताना आईकडे तोंड करा. ओरडू नका. नीट बोला, बस."

मास्क निघाले. आईने एकेक चेहरा सावकाश पाहिला. थोरल्याला मिशी आली होती आणि ती पांढरी होती. सुनेचे गाल बसले होते. धाकटा तेवढा तसाच होता.

"आई," फूटपट्टी दहा पावलांवरून म्हणाली, अगदी हळू, "तू ओठ वाचतेस."

आई एप्रनच्या खिशावर हात ठेवून म्हणाली, "मग? तुम्ही कान वापरता, मी डोळे वापरते."

"म्हणजे तू बहिरी आहेस," थोरला म्हणाला.

"दादा!"

"अगं, विचारू नको का? बहिरं माणूस चालू यंत्राजवळ ठेवायचं? सांग ना तूच, नियमवाली."

"यंत्राजवळ कोण ऐकतं रे?" आई म्हणाली. "तुझे बाबा ऐकत नव्हते. मी पाठमोरी उभी राहून बोलले तर मिस्त्रीला बाई बोलतेय की घंटा वाजतेय हेही कळत नाही. त्या शेडमध्ये धड कान असलेला एकच माणूस येतो, तो तू. वर्षातून दोनदा येतोस आणि दोन्ही वेळा कान झाकून उभा राहतोस."

धाकटा मोठ्याने हसला. वहिनी हसली नाही. ती खुर्चीच्या कडेवर येऊन बसली होती.

"आई, नोव्हेंबरमध्ये दुकानात मी तुम्हाला सांगितलं..."

"मला वाटलं, वडिलांना घरी सोडलं म्हणतेयस." आई सुनेकडे वळली. "तुझे डोळे ओले होते. मला वाटलं, आनंदाने. चार दिवसांनी ह्या धाकट्याकडून कळलं. मग कोणत्या तोंडाने यायचं तुझ्याकडे? काय सांगायचं? ऐकू आलं नाही म्हणून हसले?"

"हो," वहिनी म्हणाली. "तेवढंच सांगायचं होतं. मी आठ महिने..."

आई उठली आणि मधली सगळी पावलं तुडवत सुनेच्या खुर्चीपाशी गेली. फूटपट्टीने तोंड उघडलं. मनात दोघींच्या दुसऱ्या डोसच्या तारखा मोजल्या. दोघींचे चौदा दिवस कधीच उलटले होते. तिने तोंड मिटलं.

थोरला मान खाली घालून, ओठ जेमतेम हलवत धाकट्याकडे पुटपुटला, "म्हणजे आपलं सगळं कळतं हिला?"

"सगळं नाही कळत," आई सुनेचा हात न सोडता म्हणाली. "तुझ्या या मिशीमुळे अर्धंच कळलं. पण घराच्या वाटणीच्या वर्षी, मालाच्या गाडीमागे उभा राहून तू बायकोला काय म्हणाला होतास, ते अख्खं कळलं होतं."

तिच्या देखत आपण गेल्या पंचवीस वर्षांत काय काय कुजबुजलो, याचा हिशेब प्रत्येक जण आपापल्या खुर्चीत बसून करत होता. थोरल्याचे कान लाल झाले.

"तरीही मागून ओरडलेलं तिला कळणार नाही," तो शेवटी म्हणाला, पण आईकडे नीट तोंड करून. "ते तर खोटं नाही ना?"

"नाही," आई म्हणाली. "ते खरं आहे. कान दाखवते डॉक्टरला. यंत्र बसवायचं म्हणाले तर बसवते. पण डोकं दाखवणार नाही, आणि किल्ल्या इथेच राहतील. सांगा, कोणाला अडचण आहे?"

वहिनीने नवऱ्याकडे पाहिलं. "मला नाही," ती म्हणाली.

"मला कधीच नव्हती," धाकटा म्हणाला. "मला ते कारखान्याचं झेंगट नकोच होतं."

थोरल्याने कागदाची घडी केली. खिशात घालणार तेवढ्यात आईने हात पुढे केला. "आण इकडे. मागची बाजू कोरी आहे ना?"

*

शुक्रवारी सात दिवस पुरे झाले आणि त्यानंतरच्या सोमवारी फूटपट्टी कारखान्यात आली. आठपैकी पाच कामगारांचा अजून एकच डोस झाला होता, त्यामुळे शेडमध्ये मास्क तसाच राहणार होता. याबद्दल ती कुणाचंही ऐकणार नव्हती. तिने मार्चमधली पाटी उतरवली आणि तिच्या जागी थोरल्याचा कागद उलटा करून चिकटवला. त्यावर तिच्या सरळ रेषेतल्या अक्षरात लिहिलं होतं:

बाईंशी बोलायचं असेल तर हात दाखवून अंगणात बोलवा. सहा पावलं लांब उभे राहा. मग मास्क खाली घ्या. यंत्र चालू असताना एक जण कायम बाईंच्या समोर उभा राहील. आकडे बोटांनी दाखवा. मागून ओरडू नका.

"डॉक्टरने पुढच्या बुधवारी बोलावलंय," ती आईला म्हणाली. अंगणात, मास्क उतरवून, नीट समोर उभी राहून. "आणि आई, मी वहीत..."

"वही राहू दे," आई म्हणाली. "पाढे मात्र तुला अजून येतात."

मिस्त्री शेडच्या दारातून बाहेर आला. त्याने नवी पाटी वाचली, एकदा फूटपट्टीकडे पाहिलं, मग शिस्तीत सहा पावलं मोजून उभा राहिला. जरा जास्तच शिस्तीत. मास्क खाली घेतला आणि आईकडे बघून आवाज न करता चार-पाच शब्द बोलला. आत चारही यंत्रं धडधडत होती. आईचे खांदे हलू लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती हसली. मिस्त्रीने मास्क वर घेतला, नाक नीट झाकलं आणि आत निघून गेला.

"काय म्हणाला?" फूटपट्टीने विचारलं.

आईने डोळे पुसले. मान हलवली, नजर वळवली.

"काही नाही," ती म्हणाली.